एकाचे नऊ: पावतीवरची शाई प्रकाशात काय सांगते, काय सांगत नाही

प्रश्न थोडक्यात असा. केळीच्या हंगामात शेतकऱ्यानं व्यापाऱ्याकडून उचल घेतली. पावती व्यापाऱ्याच्या पावती-पुस्तकातली, हातानं, निळ्या बॉलपेननं लिहिलेली. तारीख २०२१ ची, खाली शेतकऱ्याची सही. आज त्या पावतीवर ९,२०,००० दिसतात आणि तेवढ्याच रकमेचा दावा लागला आहे. शेतकऱ्याचं म्हणणं, सही केली तेव्हा आकडा १,२०,००० होता. एकाच्या डोक्याला नंतर आकडी जोडून नऊ केला. रक्कम अक्षरी लिहिलेलीच नाही. रावेरकडच्या त्याच्या वकिलांनी कोर्टाच्या परवानगीनं मूळ कागद पाहिला, त्यावर जांभळा टॉर्च मारला, तर सगळी शाई सारखीच काळी दिसली. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: आकडीची शाई वेगळी असेल तर ती कशानं कळेल, आकडी कधी जोडली हे सांगता येईल का, आणि ल्युमिनॉल वापरून काही दिसेल का.

आधी उत्तरं, मग कारणं. शाई वेगळी असेल तर बहुतेक वेळा कळतं, पण त्या टॉर्चनं नाही. शाई वेगळी निघाली तर तसं ठामपणे म्हणता येतं. वेगळी दिसली नाही तर "शाई एकच आहे" असं मात्र म्हणता येत नाही. "या तपासणीत फरक आढळला नाही" एवढंच म्हणता येतं. आकडी कधी जोडली, हे २०२१ च्या बॉलपेनच्या शाईवरून, तेही खान्देशात राहिलेल्या कागदावरून, सांगता येणार नाही. कुणी "शाईचं वय काढून देतो" म्हणत असेल तर फी भरण्याआधी हे उत्तर पूर्ण वाचा.

ल्युमिनॉलचं आधी संपवू, कारण त्यात नुकसानीचा धोका आहे. ल्युमिनॉल रक्तासाठी आहे, शाईसाठी नाही. अल्कधर्मी द्रावणात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, रक्तातलं हीममधलं लोह ती क्रिया वेगानं घडवतं, ल्युमिनॉलचं अमिनोथॅलेट होतं आणि ते ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास निळा उजेड सोडतं. म्हणजे इथं उजेड रासायनिक क्रियेतून येतो, बाहेरून दिवा लागत नाही, जसा काजव्याचा. ब्लीचिंग पावडर, तांब्याचे क्षार, मुळ्याचा रस यांनीही ते चमकतं. कागदावर हे पाण्याचं द्रावण मारलं तर शाई पसरेल, कागद फुगेल, आणि पुरावा नष्ट केला म्हणून उलटतपासणी तुमचीच होईल. शाईच्या कामात लागतो तो दुसऱ्या जातीचा उजेड: बाहेरून प्रकाश पाडायचा आणि शाई त्यातलं काय परत देते ते बघायचं. याला प्रतिदीप्ती म्हणतात.

प्रतिदीप्तीचा मूळ नियम जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये मांडला: रेणू जो प्रकाश गिळतो त्यापेक्षा कमी ऊर्जेचा, म्हणजे लांब तरंगलांबीचा प्रकाश परत देतो. यूव्ही, म्हणजे जांभळ्याच्या अलीकडचा न दिसणारा अतिनील प्रकाश, गिळला तर निळा देईल, निळा-हिरवा गिळला तर तांबडा किंवा त्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड देईल. मधली तूट उष्णतेत जाते. प्रकाश गिळायला रेणूला सेकंदाच्या दशलक्षअब्जांश भागाएवढा काळ पुरतो. परत द्यायला काही अब्जांश सेकंद लागतात. दिवा बंद केला की उजेड त्याच क्षणी जातो. जत्रेत मिळणारी, अंधारात मिणमिणत राहणारी मूर्ती हा वेगळा प्रकार, स्फुरदीप्ती. तिथं ऊर्जा अडकून राहते आणि सावकाश सुटते.

आता महत्त्वाचा भाग. उजेड गिळणारे रंग पुष्कळ आहेत, परत देणारे थोडे. कारण चेतलेल्या रेणूला ऊर्जा टाकून द्यायचे दोन रस्ते असतात: प्रकाश सोडणं किंवा हलून-डुलून ती उष्णतेत घालवणं. ज्याचा सांगाडा ताठ आहे तो चमकतो, ज्याचे अवयव मोकळे फिरतात तो चमकत नाही. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण फिनॉल्फथॅलीन आणि फ्लुओरेसीन. दोघांची बांधणी जवळपास सारखी, फरक एका ऑक्सिजनच्या पुलाचा. फ्लुओरेसीनमध्ये तो पूल दोन कड्यांना जखडून ठेवतो आणि रेणू हिरवा लखलखतो. फिनॉल्फथॅलीनमध्ये पूल नाही, कडी फिरतात, रेणू सोड्याच्या पाण्यात गुलाबी होतो पण चमकत नाही. लाचेच्या सापळ्याचे पंचनामे वाचणाऱ्या वकिलांना याची चांगली ओळख असते. नोटांना फिनॉल्फथॅलीन लावलं असेल तर हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून गुलाबी रंग बघतात. अँथ्रासीन पावडर लावली असेल तर यूव्ही दिव्याखाली बोटांवरची निळसर चमक बघतात. अँथ्रासीनची तीन कडी एकमेकांना घट्ट चिकटलेली, हलायला जागाच नाही, म्हणून ते चमकतं.

हेच निळ्या बॉलपेनच्या शाईला लावा. निळ्या शाईत साधारणपणे मिथिल व्हायोलेट किंवा क्रिस्टल व्हायोलेट, व्हिक्टोरिया ब्लू, तांब्याच्या थॅलोसायनिनपासून केलेला निळा, आणि काही शायांत किंचित रोडामिन असतं. क्रिस्टल व्हायोलेटचा रेणू छताच्या तीन पात्यांच्या पंख्यासारखा असतो. पातळ द्रावणात पाती फिरतात आणि चमक जवळपास शून्य. शाई वाळून तिच्यातल्या रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट भागात, पाती अडकली की थोडीशी चमक येते, तीही लांबच्या तांबड्या भागात, डोळ्याला न दिसणारी. थॅलोसायनिन ताठ आहे, पण मध्ये बसलेलं तांबं ऊर्जा दुसऱ्या वाटेनं पळवतं, म्हणून ते जवळपास मुकंच राहतं. वर ते ६०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश पिऊन टाकतं, म्हणजे शेजारच्या दुसऱ्या रंगानं सोडलेला तांबडा उजेडही गिळतं. रोडामिन ताठ, पूल असलेला, ५८० च्या आसपास नारिंगी झळकणारा. चार कंपन्यांची पेनं डोळ्याला एकाच निळ्या रंगाची दिसतात, पण आतलं हे मिश्रण वेगळं असतं, आणि मिश्रणात कोण कुणाचा उजेड पितो यावर तांबड्या-इन्फ्रारेड भागातली चमक ठरते.

तुमच्या टॉर्चखाली काहीच का दिसलं नाही, हे यातून कळेल. यूव्हीखाली चमकतो तो कागद. हल्लीच्या पांढऱ्या कागदात स्टिल्बीन जातीचे ऑप्टिकल ब्राइटनर असतात, ते साधारण ३४० ते ३७० नॅनोमीटरचा प्रकाश गिळून ४२० ते ४७० चा निळा प्रकाश देतात. बॉलपेनची शाई यूव्ही गिळते आणि दिसेल असं काही परत देत नाही. म्हणून उजळ निळ्या पाठीवर सगळ्याच शाया काळ्या. शिवाय मोबाइलच्या दुकानातले बहुतेक टॉर्च ३९५ नॅनोमीटरचे असतात. ते स्वतःच भरपूर जांभळा उजेड टाकतात आणि मंद चमक त्यात बुडून जाते. ३६५ नॅनोमीटरचा, पुढे काळी फिल्टर-काच असलेला दिवा घ्या. दिवा बरा आहे का, याची घरच्या घरी परीक्षा नोटेवर होते: नोटेचा कागद निस्तेज राहिला पाहिजे आणि क्रमांकाची पट्टी चमकली पाहिजे. सगळी नोटच जांभळी दिसत असेल तर तो दिवा या कामाचा नाही.

यूव्ही दिव्याचा उपयोग दुसरीकडे आहे. खोडलेल्या किंवा धुतलेल्या जागा त्याखाली चांगल्या दिसतात. ब्लीचनं शाई काढली असेल तर तिथला ब्राइटनरही मारला जातो, म्हणून निळ्या चमकत्या कागदावर काळपट डाग उठतो. तुमच्या पावतीत आकड्याच्या आजूबाजूला, विशेषतः स्वल्पविरामाच्या जागी आणि "अक्षरी रुपये" या छापील ओळीवर असा डाग आहे का, हे जरूर बघून घ्या. अक्षरी रक्कम खरंच लिहिलेली नव्हती की पुसली, हा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही, पण तो विचारायला हवा.

आपल्याकडच्या कागदांवर यूव्हीखाली हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे हळद. सौद्याच्या, मुहूर्ताच्या कागदाला हळद-कुंकू लागलेलं असतं. हळदीतलं कर्क्युमिन पिवळट-हिरवं झळकतं, आणि ते अंगठ्यानं पुसलं तरी धाग्यांत राहतं. त्याला "वेगळी शाई" किंवा "रसायनाचा डाग" म्हणून मोकळं होऊ नका. तेलकट बोटांचे डागही फिकट चमकतात. केळीचा चीक उलट वागतो: त्यातलं टॅनिन हवेनं तपकिरी पडतं, लोह लागलं तर काळपट, आणि तो डाग यूव्हीखाली गडद दिसतो, अगदी धुतलेल्या जागेसारखा. फरक ओळखायचा तर कागद उलटून बघा. चिकाचा डाग आरपार गेलेला आणि कडेला गडद वलय असलेला असतो.

आता खरं काम करणारी तपासणी. तिचं यंत्र म्हणजे व्हिडिओ स्पेक्ट्रल कम्पॅरेटर, तज्ज्ञांच्या तोंडी "व्हीएससी". कागदाला हातही न लावता यात दोन गोष्टी करतात. पहिली इन्फ्रारेड परावर्तन: पांढरा तेजस्वी दिवा, कॅमेऱ्यासमोर एकेक फिल्टर, ६४५ नॅनोमीटरपासून पुढे १००० पर्यंत. निळ्या शाया एकेक करून फिक्या होत जातात आणि मग दिसेनाशा होतात. समजा एक शाई ७०० ला गेली आणि दुसरी ७५० पर्यंत टिकली, तर मधल्या फिल्टरवर नऊ दिसायचा बंद होतो आणि एक उरतो, किंवा नुसती आकडी हवेत लटकलेली दिसते. हे चित्र कोर्टात कुणालाही समजतं, त्याला तज्ज्ञाचं भाषण लागत नाही.

दुसरी गोष्ट जास्त ताकदीची: इन्फ्रारेड दीप्ती. निळ्या-हिरव्या प्रकाशानं, साधारण ४०० ते ५८० च्या पट्ट्यांत, कागद उजळायचा आणि कॅमेऱ्यापुढे ६४५, ६९५, ७२५, ७८० असे फिल्टर बदलत जायचं, म्हणजे पाडलेला प्रकाश अडतो आणि शाईनं परत दिलेला तेवढा पोचतो. शाई तीन प्रकारे वागते: काळी राहते, नाहीशी होते, किंवा अंधारात निखाऱ्यासारखी उजळते. परावर्तनात सारख्या वाटणाऱ्या दोन निळ्या शाया इथं पुष्कळदा वेगळ्या पडतात, कारण इथं फक्त रंग नाही, तर वर सांगितलेलं आतलं देणंघेणं दिसतं. अशी यंत्रं येण्याआधी हीच तपासणी मोरचुदाच्या निळ्या द्रावणातून दिव्याचा उजेड गाळून करत असत. बोर्डो मिश्रणासाठी शेतकरी आणतो तेच मोरचूद. ते तांबडा आणि इन्फ्रारेड भाग अडवतं, निळा-हिरवा सोडतं. मोठ्या काचेच्या भांड्यातलं ते द्रावण, पुढे तांबडा फिल्टर आणि इन्फ्रारेड फिल्म. तत्त्व आजही तेच आहे.

घरच्या घरी? रात्री दिसणारे सीसीटीव्ही कॅमेरे ८५० नॅनोमीटरचे दिवे वापरतात. अंधाऱ्या खोलीत कागद त्याच्या समोर धरला तर बॉलपेनची विरघळलेल्या रंगांची शाई गायब होते आणि पेन्सिल, लेझर प्रिंटरचा टोनर, काजळीची काळी शाई टिकते. काळ्या शायांचा फरक असा कधी कधी पटकन दिसतो. निळ्या बॉलपेनच्या दोन शायांना मात्र हे निरुपयोगी, कारण ८५० ला दोन्ही गेलेल्या असतात. फरक त्याआधीच्या पायऱ्यांवर असतो. म्हणून सीसीटीव्हीत काही दिसलं नाही म्हणून वाद सोडू नका.

व्हीएससीच्या अहवालात चूक कुठं शिरते, ते वकिलांनी नीट लक्षात ठेवावं. आकडी जिथं एकाच्या रेघेवर चढली आहे तिथं शाईचे दोन थर आहेत. दाट थर वेगळा वागतो: रोडामिनसारखा रंग दाट झाला की स्वतःचाच उजेड गिळतो, मध्ये काळा आणि कडेला उजळ दिसतो. तोच रंग पातळ रेघेत सगळा उजळतो. एकच पेन, एकच माणूस, तरी दोन रूपं. म्हणून तुलना नेहमी एकेरी, सारख्या जाडीच्या रेघांची करायची: आकडीचा मोकळा भाग, एकाच्या दांड्याचा मोकळा भाग, शेजारच्या दोनाची रेघ, आणि सहीतली एखादी रेघ. चारही एकाच चौकटीत, एकाच एक्स्पोजरला. वेगवेगळ्या एक्स्पोजरला घेतलेले दोन फोटो शेजारी लावून "फरक स्पष्ट आहे" म्हणणारा अहवाल उलटतपासणीत टिकत नाही, आणि टिकू नये. घाम, सॅनिटायझर यांनी शाई पसरली असेल तर पसरलेला भागही वेगळा चमकतो. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल बॉलपेनचे रंग लगेच विरघळवतं.

यातून उत्तर आलं नाही आणि कोर्टानं नमुना काढायला स्पष्ट परवानगी दिली, तर पातळ थराची क्रोमॅटोग्राफी, म्हणजे टीएलसी: शाईतले रंग एकमेकांपासून सुटे करून बघायची पद्धत. यात कागद थोडा खर्च होतो. टोक बोथट केलेली, सुमारे अर्ध्या मिलिमीटरची पोकळ सुई रेघेवर ठेवून फिरवली की शाईसकट कागदाची टिकली निघते. एका नमुन्याला अशा आठ-दहा टिकल्या लागतात. आकडी पाच-सहा मिलिमीटरचीच असेल तर दहा टिकल्यांत ती संपते, म्हणून हा मार्ग शेवटचा. टिकल्या छोट्या कुपीत, त्यावर १० ते १५ मायक्रोलीटर पिरिडीन. पिरिडीनचा वास उग्र आणि ते विषारी, काम धुरांड्याच्या कपाटातच करायचं. शेजारी कोऱ्या कागदाच्या तेवढ्याच टिकल्या वेगळ्या कुपीत, कारण कागदातला ब्राइटनर आणि छापील ओळीचा रंगही पिरिडीनमध्ये येतो. ही कोरी तुलना केली नसेल तर अख्खी पट्टी निकामी समजा.

सिलिका जेलच्या पट्टीवर, खालच्या कडेपासून सेंटिमीटरभर वर, दोन मिलिमीटरपेक्षा लहान ठिपके देतात: आकडी, दांडा, दोन, सही, कोरा कागद, सगळे एकाच पट्टीवर. टाकीत इथिल ॲसिटेट, शुद्ध इथेनॉल आणि पाणी ७०:३५:३० या प्रमाणात, त्याच दिवशी केलेलं. द्रव ठिपक्यांच्या खाली राहिला पाहिजे. वर चढला तर ठिपके टाकीतच विरघळतात. टाकीत गाळणकागद लावून अर्धा तास वाफ भरू द्यायची, मग पट्टी उभी करायची. द्रव वर चढतो आणि रंग आपापल्या उंचीवर सुटतात. मिथिल व्हायोलेटचे एकावर एक जांभळे ठिपके पडतात, कारण त्यात सहा, पाच आणि चार मिथिल गटांचे रेणू मिसळलेले असतात. रोडामिन असेल तर साध्या उजेडात फिकट गुलाबी आणि ३६५ च्या दिव्याखाली नारिंगी जळतं, थोडंसं असलं तरी सुटत नाही. मग २५४ च्या दिव्याखालीही बघतात. दोन पट्ट्यांवरच्या उंचीची तुलना करू नका: सिलिका हवेतलं पाणी ओढते, आणि मे महिन्यातली कोरडी दुपार आणि ऑगस्टमधला दमट दिवस यांत तीच शाई वेगळ्या उंचीवर थांबते.

पिरिडीन घातल्यावर टिकली निळीच राहिली आणि द्रव रंगलाच नाही, तर तेही उत्तर आहे. ती बॉलपेन नाही, न विरघळणाऱ्या रंगकणांची जेल शाई आहे. सहीची टिकली विरघळली आणि आकडीची नाही, तर पुढे काही करायची गरजच उरत नाही. जेल शाईची ओळख रामन वर्णपटानं होते: शाईवर लेझर पाडायचा आणि विखुरलेल्या उजेडातल्या रेघांवरून रेणू ओळखायचा. तांब्याच्या थॅलोसायनिनची रेघ या वर्णपटाच्या मापात (प्रति सेंटिमीटर) १५३० च्या आसपास येते, क्रिस्टल व्हायोलेटची १६२० ला. तिथं प्रतिदीप्ती शत्रू असते, कारण तिच्या लोटात रामनचा क्षीण संकेत वाहून जातो. म्हणून ७८५ नॅनोमीटरचा लेझर घेतात किंवा रेघेवर चांदीच्या कणांचं द्रावण ठेवून चमक दाबतात.

आता वय. पद्धती आहेत. बॉलपेनच्या शाईतलं २-फिनॉक्सिइथेनॉल हे द्रावक हळूहळू उडतं, गॅस क्रोमॅटोग्राफीनं उरलेलं मोजता येतं. पण त्यातलं बहुतेक पहिल्या काही दिवसांतच जातं. उरलेलं वाळलेल्या रेझिनमध्ये अडकून महिनोन्‌महिने सावकाश सुटतं. दीड-दोन वर्षांपलीकडे नवी शाई आणि जुनी शाई यांत मोजण्याजोगा फरक राहत नाही. तेही कागद माफक तापमानात राहिला असेल तर. भुसावळ-रावेर पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या छपराखाली पत्र्याच्या पेटीत ठेवलेला कागद त्याहून तापतो. एका उन्हाळ्यात शाई कितीतरी जुनी असल्यासारखी वाळू शकते. उलट, ताज्या शाईचा कागद जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात राहिला तर द्रावक शेजारच्या कागदात शिरतं. हातांना लावायच्या क्रीममध्येही फिनॉक्सिइथेनॉल असतं. दुसरी पद्धत क्रिस्टल व्हायोलेटच्या झिजेवर आहे: प्रकाशानं त्याचे मिथिल गट एकेक गळतात. पण ती झीज उजेडाची आहे, काळाची नाही. वहीत मिटून ठेवलेली दहा वर्षांची शाई ताजी दिसेल, खिडकीशी महिनाभर पडलेली म्हातारी. आणि मूळ मिथिल व्हायोलेटमध्ये हे गळलेले रेणू पहिल्यापासूनच असतात.

म्हणून वयाचा हट्ट सोडा. काळाबद्दल ठाम बोलायचं तर शाईच्या वयापेक्षा विसंगती जास्त कामाची. जेल पेन १९८४ मध्ये जपानच्या साकुरा कंपनीनं आणलं. १९७५ च्या तारखेचा कागद जेल शाईत असेल तर तो त्या तारखेचा नाही. ब्राइटनर कागदात १९५० च्या सुमारास येऊ लागले. १९३५ चं म्हणून दाखवलेलं वाटणीपत्र यूव्हीखाली निळं-पांढरं उजळलं तर प्रश्न उभा राहतो. धुण्याच्या पावडरीनं, साबणानं ब्राइटनर वरून लागू शकतो, म्हणून कडा, घडीच्या आतली बाजू, सगळीकडे एकसारखी चमक आहे का ते बघायचं. आपल्या भागातल्या विसंगती तर डोळ्यांनीच दिसतात. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधी तो भाग धुळे जिल्ह्यात होता; १९९५ च्या करारावर "जिल्हा नंदुरबार" असा शिक्का असेल तर शाई बघायचीही गरज नाही. पत्त्यातला सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. रुपयाचं नवं चिन्ह जुलै २०१० नंतरचं. हे सगळं एकाच दिशेनं चालतं: जुन्या तारखेवर नवी वस्तू सापडली तर कागद पाडता येतो, पण विसंगती नाही म्हणून कागद खरा ठरत नाही. जुना कोरा कागद आणि जुनी दौत आजही मिळते.

मोडी कागदांविषयीही विचारणा येते, म्हणून दोन ओळी. बोरूनं लिहिलेली काजळीची शाई कार्बनची; ती १००० नॅनोमीटरलाही काळीच राहते आणि तिच्यातली काजळी कशातही विरघळत नाही. हिराकस आणि हरड्याची लोह-टॅनिन शाई इन्फ्रारेडमध्ये फिकट होत १००० च्या आसपास जवळपास नाहीशी होते, पण यूव्ही जोरात गिळते. म्हणून तिची उडालेली अक्षरं ३६५ च्या दिव्याखाली पुन्हा काळी उठतात. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणच्या दप्तरात ज्यांना काम करायचं आहे, त्यांनी वाचनासाठी आधी यूव्ही फोटो मागावा, रसायन कधीच नाही.

तुमच्या दाव्यात काय करायचं ते आता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम १० अ खाली वैज्ञानिक तपासणीसाठी अर्ज करा. तज्ज्ञाच्या मताची तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये आहे, जुन्या कायद्यातलं कलम ४५. "सदर पावती शाईचे वय ठरविण्यासाठी पाठवावी" असं लिहू नका. असं लिहिलं की "असे ठरविता येत नाही" एवढं एका ओळीचं उत्तर येतं आणि अर्ज संपतो. लिहा: रकमेच्या पहिल्या अंकाची डावीकडची आकडी, त्याच अंकाचा दांडा, पुढचा अंक आणि सही यांच्या शाईची इन्फ्रारेड परावर्तन व इन्फ्रारेड दीप्तीखाली तुलना करावी; सूक्ष्मदर्शकाखाली आकडी व दांडा यांच्या सांध्याची तपासणी करावी; यूव्हीखाली खाडाखोड व रसायनाच्या खुणा पाहाव्यात; आणि कागदाला इजा होणारी चाचणी कोर्टाच्या वेगळ्या आदेशाशिवाय करू नये. सोबत त्याच सुमाराच्या, त्याच पावती-पुस्तकातल्या चार-पाच निर्विवाद पावत्या जोडा.

कागद जाईपर्यंत कसा राहतो, यावर निम्मं यश असतं. लॅमिनेशन अजिबात नको; उष्णतेनं शाई प्लॅस्टिकला चिकटते. पारदर्शक पीव्हीसी फोल्डर नको, त्यातला मऊ करणारा पदार्थ शाई आणि टोनर उचलतो. स्टेपलर नको, चिकटपट्टी नको, आकड्यावर पेन्सिलनं गोल नको. साधं कागदी पाकीट, दोन पुठ्ठ्यांमध्ये, वर सील. पाकिटावरचा मजकूर कागद आत घालण्याआधी लिहा. नंतर लिहिलं की पेनाचा दाब आत उमटतो. आणि गाडीच्या डिकीत नाही.

शेवटची शक्यता: आकडी त्याच पेनानं जोडली असेल. मग प्रकाश काहीच सांगणार नाही, कितीही भारी यंत्र आणा. पण सूक्ष्मदर्शक सांगू शकतो. सलग लिहिलेल्या नऊमध्ये पेन उचलत नाही, शाईची रेघ वळणातून अखंड जाते. जोडलेल्या आकडीला स्वतंत्र सुरुवात असते, तिथं बॉलपेनच्या गोळीवर साठलेल्या शाईचा ठिपका पडतो, आणि सांध्यापाशी पेनाच्या दाबानं पडलेली दुसरी चर पहिलीला कापते. तिरप्या उजेडात दोन्ही चरांची खोली वेगळी दिसते.

यंत्राआधी मात्र एक कागद मागा. पावती-पुस्तक कार्बनचं आहे का? दिवाणी प्रक्रिया संहितेच्याच आदेश ११ नियम १४ खाली पुस्तक हजर करायला लावा. मूळ पावती फाडून घेतल्यावर जोडलेली आकडी कार्बनप्रतीवर येत नाही. तिथं एकच राहतो. नंतर कार्बन घालून प्रतीवरही आकडी काढली असेल तर ती मूळ पावतीवरच्या आकडीवर तंतोतंत बसत नाही. मिलिमीटरभर तरी सरकतेच. दोन्ही कागद पारदर्शक फोटोवर एकावर एक ठेवले की ते दिसतं. आणि पुस्तकच हजर झालं नाही, तर ते का नाही हे साक्षीदाराला विचारायचा हक्क तुमचा आहे.